आबांच्या तंबूतली ओल

आबा, तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तुमचं ते ओल शोषणारं यंत्र शिट्टी मारायला लागलं. घरात पंधरा माणसं. कुणी मोबाइल बघितले, कुणी गॅस बघितला, तुमच्या बहिणीला, नमूआत्यांना, वाटलं कुकर झाला. तुम्हाला हॉस्पिटलात नेताना मिलिंदनं तुमच्या खोलीतले सगळे स्विच बंद केले होते. आदल्या दिवशी मीच ते परत चालू केले, कारण दिव्यांवर जगणारी तुमच्या तंबूतली झाडं मान टाकायला लागली होती. पण यंत्र ओरडतंय कशासाठी हे मला ठाऊक नव्हतं. वर्षभर ते माझ्या घरात होतं आणि त्याची बादली मी एकदाही ओतली नव्हती. ते काम तुम्ही कुणाला करूच दिलं नाहीत. मिलिंदला, पोटच्या मुलाला नाही, कामाच्या मंगलला नाही. "राहू दे, तेवढीच हालचाल होते," म्हणायचात.

बादली ओढून काढली तर काठोकाठ भरलेली. बाथरूमपर्यंत नेताना निम्मी माझ्या पायावर सांडली. उरलेली ओतली, रिकामी करून परत लावली, यंत्र गप्प झालं आणि माणसं पुन्हा आपापल्या बोलण्याला लागली. मी मात्र बाथरूमच्या उंबऱ्याशी तशीच उभी, ओल्या पायांनी. डोक्यात काहीतरी जुळत नव्हतं. ते काय, ते सांगतेच. पण आधी तुमच्याशी थोडं भांडायचंय. सासरा-सुनेची अठरा वर्षांची सवय आहे, तेरा दिवसांत कशी जाणार?

आपली मुलुंडची जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहिला तेव्हा सगळे पेढे वाटत होते. तुमची खिडकीखालची सहा फूट जमीन गेली, तिच्यातली जास्वंद, अळू आणि तुम्ही रोज शिव्या घालत वाढवलेला तो कढीपत्ता गेला. तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. बोलले ती मी. मागच्या गॅलरीतली माझी कपड्यांची दोरी गेली म्हणून मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीशी भांडले. चौदाव्या मजल्यावर गॅलरीच नाही आणि खिडकीबाहेर कपडे घालायचे नाहीत असा नियम, का तर टॉवर वाईट दिसतो. मग पावसाळ्यात कपडे घालायचे कुठे? पहिल्या वर्षी सोफ्यावर, खुर्च्यांवर, दारांवर, देव्हारा सोडून सगळीकडे ओले कपडे. एका सकाळी तुमच्या नातीचा, सईचा युनिफॉर्म इस्त्रीनं वाळवता वाळवता मला रडायलाच आलं. तुम्ही पेपर वाचत होतात. मान वर केली नाहीत. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्टेशनजवळून पुलीच्या दांड्या आणल्यात आणि तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाच्या वर, छताला लावून घेतल्यात. मी म्हटलं, "आबा, तुमच्या डोक्यावर ओले कपडे? बरं दिसतं का?"

"मी काय तिथे दरबार भरवतो?" तुम्ही म्हणालात. "घाल गो. खाली लोंबतील तेवढे आखूड घाल म्हणजे झालं."

तंबू त्याच्या पुढच्या वर्षी आला. माणूस सत्तरीनंतर भजनी मंडळात जातो, ज्येष्ठांच्या बाकावर जाऊन बसतो. तुम्ही चार फूट उंचीचं काळं कापडी कपाट आणलंत. आतून चंदेरी, वर पट्टीचे दिवे, पुढे चेन. सई त्याला तंबू म्हणायला लागली, मग सगळेच. सूर्य मिळत नाही तर आपण तो लावून घ्यायचा, असं तुमचं म्हणणं. आत लावलीत आफ्रिकन व्हायोलेट. फुलांच्या प्रदर्शनातून तुम्ही एक पान ओल्या कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशातून घेऊन आला होतात. नुसतं पान. ते मातीत खोचलंत आणि दोन-अडीच महिन्यांनी देठाशी उंदराच्या कानाएवढी तीन पिल्लं आली, तेव्हा तुम्ही मला ऑफिसात फोन केला होतात. मी शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, समोर ॲडमिशनची रांग. "वैशाली, झाड झालं." एवढंच बोलून फोन ठेवलात. माझा चेहरा बघून रांगेतल्या पालकांना वाटलं, माझ्या घरी कुणाला तरी मूल झालं.

गेल्या जुलैमध्ये तुमच्या झाडांवर भुरी आली. पानांवर, फुलांवर पीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर, आणि दोन झाडं तर बुडाशी कुजून आडवी. तंबूत टांगायला तुम्ही हवेतली ओल सांगणारा छोटा मीटर मागवलात. मागवलात तो मागवलात, त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही. माझ्या लोणच्याच्या डब्यात मिठाचा ओला लगदा केलात, त्यात तो मीटर ठेवलात आणि झाकण लावून दिवसभर डबा ओट्यावर. मी कामावरून येऊन डबा उघडते तर आत यंत्र. मला म्हणालात, "बंद डब्यात ओलं मीठ असलं की आतली ओल पंच्याहत्तरच असते. हा एक्याऐंशी दाखवतोय. म्हणजे सहा वजा करायचे."

"मग परत पाठवा ना. खोटा आहे तो."

"खोटा आहे, पण रोज सारखंच खोटं बोलतो. असा मीटर चालतो गो. कधी खरं, कधी खोटं बोलणारा चालत नाही."

विक्रोळीच्या कारखान्यात मीटर तपासण्यात तुमची बत्तीस वर्षं गेली, हे मला माहीत होतं. पण ते काम म्हणजे काय, हे मला त्या दिवशी लोणच्याच्या डब्यापाशी कळलं. तुम्ही कशावरही चिडायचा नाहीत, आधी ते किती चुकतंय ते बघायचात. मला हे कधी जमलं नाही, आबा. मी आधी चिडते.

तुमचा एकेक प्रयोग आठवतो. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायला लागलात. दिवे बंद झाले की तंबू गार होतो आणि गार हवेला पाणी पेलत नाही, ते पानांवर बसतं, असं तुम्ही सईला वहीवर आकृती काढून सांगितलंत. बश्यांमध्ये साठलेलं पाणी काढून टाकलंत. सुई काढलेल्या सिरिंजनं प्रत्येक कुंडीला मोजून दोन चमचे पाणी, तेही तिसऱ्या दिवशी. गर्दी कमी करायला एकतीसपैकी आठ झाडं शेजारीपाजारी वाटलीत. आत टेबलफॅनचं पिल्लू बसवलंत. मिलिंदच्या ऑफिसच्या मोज्यांमध्ये कोळसा भरून ते तंबूत टांगलेत, तेव्हा तो एक मोजा घालून घरभर दुसरा शोधत होता. मीटर दोन आकडे उतरायचा आणि दुपारपर्यंत परत वर. 

एकदा तुम्ही बँकेत गेला होतात. मी म्हटलं, बिचारी झाडं कोंडलीत, जरा हवा लागू दे. तंबूची चेन उघडली, खोलीची खिडकी उघडली. बाहेर पाऊस, छान गार वारा. तुम्ही आलात आणि मला मीटरसमोर उभं केलंत. अडुसष्टचे चौऱ्याऐंशी झाले होते.

"वैशाली, बाहेर जुलै आहे. जानेवारी नाही." खिडकी लावताना तुम्ही म्हणालात. "तुला वाटलं ओल बाहेर जाईल. ती आत आली."

मी हसले. तुम्हीही हसलात. त्यानंतर आपण फारसं हसलो नाही, कारण त्याच महिन्यात सईचा खोकला सुरू झाला.

ती तेव्हा दहा वर्षांची, तुमच्याच खोलीत झोपायची. पंधरा दिवस झाले, औषधं झाली, खोकला हटेना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का कुठे?" आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. मी क्लिनिकच्या पायऱ्या उतरता उतरता मिलिंदला फोन केला. म्हटलं, तंबू. दुसरं काय असणार? बंद खोली, कुजकी झाडं, भुरी. घरी येऊन तुमच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, तंबू काढा. दिवाळीपर्यंत हा इथे दिसता कामा नये."

तुम्ही चष्मा पुसलात. "दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते. मग काढायचं कारणच उरत नाही."

मला ती चेष्टा वाटली. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल, मला सगळं आठवतं. आणि घरात बोलले तेवढ्यावर थांबले नाही. आईला सांगितलं, सोसायटीतल्या बायकांना सांगितलं, नात्यातल्या ग्रुपवर टाकलं: आमच्या आबांनी झाडांच्या नादात नातीला खोकला लावला. वाक्य बरं जमलं होतं. ते फिरलं. गणपतीत देवगडहून आलेल्या लोकांनी तुम्हाला तोंडावर विचारलं, काय आबा, नात मोठी की झाड मोठं? तुम्ही त्यांना मोदक वाढत होतात. नुसतं "बरं, अजून एक घ्या," म्हणालात.

माझ्या त्या भांडणानंतर आठवड्याच्या आत हे यंत्र आलं. तुम्ही जाहीर केलंत, तंबूसाठी आणलंय. मी म्हटलं, तंबू केवढा, यंत्र केवढं. बरं, आणलंत तर तंबूत ठेवा. तुम्ही ते ठेवलंत बाहेर, पलंगाच्या पायथ्याशी, दांड्यांच्या बरोबर खाली.

"तंबूसाठी आणलं ना? मग आत ठेवा की."

"आत ठेवलं तर आत भट्टी होईल. खोलीची हवा सुकी केली की तंबू तीच हवा आत ओढतो. आपोआप सुकतो."

"आणि तोंड कपड्यांकडे का केलंय?"

"वारा फिरायला लागतो गो."

मी त्याचाही फोटो काढून ग्रुपवर टाकला. तंबू इकडे, यंत्राचं तोंड तिकडे. खाली लिहिलं, आमचे इंजिनिअर. त्याच दिवशी तुम्ही सईला आमच्या खोलीत झोपायला पाठवलंत. तुमच्या घोरण्यानं तिची झोप मोडते म्हणालात. आबा, तुम्ही घोरत नव्हतात. मला हेही आत्ता सुचतंय.

मग काय झालं? महिनाभरात खोकला गेला. मी श्रेय दिलं ज्येष्ठमधाच्या काढ्याला. कपडे संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळायला लागले, तो कुबट वास गेला. मी श्रेय दिलं नव्या साबणाला. तुमची भुरी थांबली, सप्टेंबरमध्ये जांभळी फुलं आली. मी म्हटलं, तंबूत बसून पोराटोरांना आजारी पाडलं, आता फुलतायत मेली. दिवाळी आली, हवा कोरडी झाली, तंबू राहिला. आपलं भांडण मात्र वाळलं नाही. या जूनमध्ये मी परत म्हटलं, "या वर्षी तरी काढा." तुम्ही म्हणालात, "बघू."

आता त्या चौथ्या दिवसाकडे येते.

बाथरूमच्या उंबऱ्याशी मी जे जुळवत होते ते एवढंच. तुमच्या तेवीस कुंड्या. प्रत्येकीला दोन चमचे, तिसऱ्या दिवशी. सगळं मिळून एक पेलाभर पाणी, तीन दिवसांत. आणि यंत्रानं एका दिवसात बादली भरली होती, तीन लिटर तरी असेल. मग हे पाणी आलं कुठून? खोलीत मागे वळून बघितलं. पंधरा माणसांचे कपडे दांड्यांवर लटकलेले. टॉवेल, धोतरं, आत्यांची नऊवारी. त्यांच्या खाली तुमचं यंत्र, तोंड वर करून.

मी तुमची सून आहे, एका बादलीवर विश्वास ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी कपडे धुतले तसेच बाथरूममध्ये पिळून ठेवले, खोलीत घातले नाहीत. संध्याकाळी बादलीच्या तळाशी चार बोटं पाणी. तंबूतला मीटर साठ, म्हणजे सहा वजा करून चोपन्न. त्याच्या पुढच्या दिवशी सगळे कपडे तिथे घातले. दुपारीच शिट्टी वाजली. यंत्र पुसत बसले होते तर सई मागे येऊन उभी राहिली. तिला म्हटलं, "ओल तंबूची नव्हती गं. कपड्यांची होती."

"हो. आबांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ते म्हणायचे, एवढं पाणी झाडं देत नाहीत, हे कपडे देतात. आम्ही बादली मोजायचो." 

"मग मला का नाही सांगितलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं, जणू मी अगदीच सोपं गणित विचारलं होतं. "तू कपडे परत हॉलमध्ये घातले असतेस. आणि चिडली असतीस."

आबा, मी तुमच्या रिकाम्या पलंगावर बसले आणि खरंच चिडले. तुमच्यावर. ज्या माणसानं मिठाच्या डब्यात मीटर खरा करून घेतला, त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं असणार की दर दुपारी मीटर वर का जातो. कपडे कधी चढतात, आकडा कधी चढतो, हे तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही मोज्यात कोळसा भरत बसलात. का, तर मी त्या दांड्यांवरून कपडे काढू नयेत म्हणून. सईला खोकला झाल्याबरोबर यंत्र आणलंत, तिला खोलीतून हलवलंत आणि स्वतः त्या ओल्या कपड्यांखाली झोपत राहिलात. आणि नाव दिलंत तंबूचं. म्हणजे मुलीचा खोकला गेला, माझे कपडे वाळले, आणि बोल सगळे तुमच्या झाडांवर आले.

मला तुमचा अभिमान वाटतो. हे तुम्ही असताना कधी म्हटलं नाही, आता म्हणते. माझ्या माहेरी, शेजारी, ऑफिसात, कुठेच मी असा माणूस पाहिलेला नाही, जो बरोबर असून वर्षभर चुकीचा ठरत राहतो आणि वर मोदक वाढतो. पण तुमचं चुकलंच. तुम्ही मला एकदा सांगून बघायला हवं होतं. मी चिडले असते, दोन दिवस भांडी आपटली असती, तिसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर बसून बादली मोजली असती. ती मजा तुम्ही एकट्या सईला दिलीत. एवढी का माझी भीती बाळगलीत, आबा? की ती भीती नव्हती आणि तुम्ही मलाही त्या मीटरसारखं सांभाळून घेत होतात? याचं उत्तर तुमच्याकडून हवं होतं. ते आता मिळणार नाही, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

गप्प बसणं सोपं होतं. सईला सांगितलं असतं, कुणाला बोलू नकोस, तर ती बोलली नसती. तुमच्याकडेच शिकलीय ती. मिलिंद तर स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार होता. "तुला नको होता ना तंबू, तेरावं झालं की काढून टाकतो," म्हणाला. तंबू गेला असता, यंत्र कोपऱ्यात गेलं असतं, आणि नात्यात तुमची आठवण निघाली की ते माझं वाक्य निघालं असतं. गेलेल्या माणसाचं काय जातं, असं मी स्वतःला दोन दिवस समजावलं. मला माहीत होतं काय जातं ते.

काल तुमचं तेरावं. पंगत बसली, तुमच्या आवडीची काळ्या वाटाण्याची आमटी होती. मी वाढत होते. नमूआत्या शेजारच्या बाईला तुमचे गुण सांगत होत्या, साधा, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात नाही. आणि मग उसासा सोडून म्हणाल्या, "एकच काय ता, झाडांच्या नादान नातीक खोकलो लावन घेतल्यान." वाईट हेतू नव्हता. माझंच वाक्य, मालवणीत गेलेलं, पन्नास माणसांत माझ्याकडे परत आलं.

माझ्या हातात आमटीचं भांडं होतं. म्हटलं, "आत्या, तंबूनं नाही. माझ्या ओल्या कपड्यांनी. आबांना माहीत होतं, यंत्र त्यांनी कपड्यांसाठी आणलं होतं. मी सगळीकडे खोटं सांगत सुटले आणि त्यांनी ते सांगू दिलं."

आत्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "मगे आता तो तंबू कोण बघतलो?"

"मी," म्हटलं. चिडूनच म्हटलं, आबा. रडले असते तर अर्धी पंगत वाढायची राहिली असती.